छातीवरची लव

आमच्या बेटावर एकही झाड नाही.
गवत आहे, दगड आहेत, वारा आहे
आणि मे महिन्यात समुद्रातून चालत वर येणाऱ्या बदकिणी.
शेवटचा पल्ला त्या उडत नाहीत, चालतात,
पोट सावरत,
बाजार करून परतणाऱ्या बायकांसारख्या.

स्टेनव्हर आत्या आधीच घरं मांडून ठेवते त्यांच्यासाठी:
उपडी होडी, फाटका टायर,
चर्चमधलं मोडकं बाक,
माझी लहानपणची ढकलगाडी.

मी राजधानीतून आलो तेव्हा
बँक बुडून सहा महिने झाले होते.
दुसऱ्यांची कर्जं तिसऱ्यांना विकायच्या खात्यात होतो मी.
फ्लॅट तीन होते; झोपायचो एकातच,
तेही गोळी घेऊन.
सगळं गेलं.
हिशेबाची खोड तेवढी राहिली.

म्हणून दुसऱ्याच दिवशी आत्याच्या टेबलावर कागद पसरला.
घरटी तीनशे चाळीस.
साठ घरट्यांची लव म्हणजे साधारण एक किलो.
किलोला टोकियोचं गिऱ्हाईक देतं इतके.
घरटी हजार केली तर.
पलीकडचं बेट भाड्याने घेतलं तर.
आणि प्रत्येक घरट्यातून दोनदा उचललं तर…

"दोनदा?"
आत्या माशाचे काटे काढत होती.

"पहिल्यांदा बदकीण छातीवरची लव उपटते
ती दाट असते, तपकिरी.
तू नेलीस, तर पुन्हा उपटते. थोडी, फिकी.
तीही नेलीस, तर तिसऱ्यांदा.
तिसऱ्यांदा लव फारशी नसतेच,
पण अंडी असतात ना खाली.

माझ्या बापाने नेली होती तिसऱ्यांदा.
होडीला इंजिन घेतलं होतं, त्याच्या हप्त्यासाठी.
पाखडताना चाळणीत लाल ठिपके राहिले.
हप्ता गेला वेळेवर.
पुढच्या मे महिन्यात आम्ही चौघं किनाऱ्यावर उभे.
कोणीच चालत आलं नाही.
नऊ वर्षं.

इंजिन मात्र छान चालायचं."

एवढं बोलून तिने माशाचा मोठा तुकडा
माझ्या ताटात वाढला.
कागदावर तेलाचा डाग पडला,
नेमका हजारावर.

तिला काही नकोच असतं, असं समजू नका.
नवे दात हवे आहेत तिला.
छप्पर उत्तरेकडून गळतं, खाली बादली ठेवलेली असते.
अलीकडे रेडिओही खरखरतो; बातम्यांना ती कानाखाली मारते त्याच्या.
तरीही प्रत्येक घरट्याशी गुडघ्यावर बसते,
अर्धी लव उचलते, अर्धी ठेवते,
उचललेल्या जागी सुकं गवत कोंबते,
आणि अंड्यांवर क्षणभर हात धरते,
ताप बघावा तसा.
थैली एका खुणेपर्यंत आली की म्हणते, "पुरे."
कुणाला म्हणते, कोण जाणे.
खूण कुठेही केलेली नाही.

शाळेत मला हातचा एक धरायला शिकवलं होतं.
हातचं सोडायला कुणीच नाही.

एकदा तिने माझ्या तळहातावर लवेचा गोळा ठेवला.
वजन काहीच लागेना.
वाटलं, वाऱ्याने नेला की काय;
बघतो तर होता.
मग हात आतून गरम व्हायला लागला.

काल संध्याकाळी, म्हणजे रात्री अकराला,
कारण ऊन इथे मावळायचं नाव घेत नाही या दिवसांत,
शेवटचं घरटं राहिलं होतं. ढकलगाडीतलं.
बदकीण उठेना.
सव्वीस दिवस उपाशी बसतात त्या;
मीही बसलो जरा वेळ, समोर.
डोळा काळा, ओला,
माझ्यावर रोखलेला.
आत्याने बांधावरून ओरडून सांगितलं, "राहू दे तिला."

राहू दिलं.
थैलीचं तोंड बांधलं.
त्या गाडीत एकेकाळी
मी मावायचो.
अख्खा.